207 नंबरची खोली कुणाची? गणपतीपुळ्यातल्या एका हॉटेलचं प्रकरण

25 ऑक्टोबर 2025, शनिवार. दिवाळी नुकतीच झालेली, शाळांना सुट्टी, गणपतीपुळ्यात गाडी लावायला जागा नाही. रात्री साडेनऊला सांगलीहून आलेलं पाच जणांचं कुटुंब काउंटरसमोर उभं होतं. हातात बुकिंगची पावती, खोली 207, पैसे आधीच भरलेले. सोबत आजी, आंबा घाटाच्या वळणांनी हैराण झालेल्या. आणि 207 मध्ये संध्याकाळीच पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांचंही बुकिंग खरं, त्यांचाही ॲडव्हान्स जमा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र 207 रिकामी दिसत होती.

मालकांना सगळा गाव अण्णा म्हणतो. त्यांनी त्या रात्री राहत्या घरातली खोली मोकळी करून दिली, वहिनींनी आजींसाठी गरम पाणी स्वतः नेलं, सकाळी पैसे परत केले. सांगलीकर चांगले निघाले, भांडले नाहीत. पण अण्णांना ती रात्र विसरता येईना. "सॉफ्टवेअर घेऊन वर्ष होत आलं. वर्षाचे पैसे भरलेत. मग हे झालं कसं?" असं त्यांनी फोनवर विचारलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुळ्याला गेलो. हॉटेलांच्या रिसेप्शनवर बरीच वर्षं काढल्यावर आता मी छोट्या हॉटेलांना हिशेब आणि काउंटरची घडी बसवून देतो. हॉटेलचं आणि सॉफ्टवेअर कंपनीचं नाव इथे देत नाही. दोष कुणा एकाचा नव्हता, आणि जे घडलं ते कुठल्याही सॉफ्टवेअरवर घडू शकतं.

हॉटेल 24 खोल्यांचं. समुद्राकडच्या 8, मागच्या बागेकडच्या 10, चार बेडच्या 5 आणि वर एक मोठा हॉल, ज्यात दहा-बारा जणांचा ग्रुप उतरतो. खाली घरगुती जेवणाची खानावळ. गिऱ्हाईक कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबईचं. बहुतेक कुटुंबं, आणि बरीचशी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपासून येणारी.

पहिले चार दिवस मी कशालाही हात लावला नाही, काउंटरच्या मागे खुर्ची टाकून बसलो. एका खोलीचं बुकिंग किती ठिकाणी लिहिलं जातं ते मोजलं. पाच ठिकाणी. काउंटरवरचं लांब रजिस्टर. अण्णांच्या मोबाइलमधले व्हॉट्सॲपचे मेसेज. पुण्यातला पुतण्या फोनवर बुकिंग घेतो त्याची वेगळी वही. ऑनलाइन बुकिंगच्या साइटचं स्वतःचं पान. आणि पाचवं सॉफ्टवेअर. प्रत्येकाचा आपापल्या नोंदीवर पूर्ण विश्वास आणि दुसऱ्याच्या नोंदीची खबर नाही. 207 पुतण्याच्या वहीत पुणेकरांची होती आणि साइटवर सांगलीकरांची. सॉफ्टवेअरला यातलं कुणीच काही सांगितलं नव्हतं.

मग मी सॉफ्टवेअरमधला नोव्हेंबरचा रिपोर्ट काढला आणि सगळं कोडं उलगडलं. रिपोर्टप्रमाणे त्या हॉटेलात माणसं तीन-चार मिनिटं राहत होती. चेक-इन सकाळी 9 वाजून 42 मिनिटांनी, चेक-आउट 9 वाजून 45 मिनिटांनी. कारण मॅनेजर पाहुण्याची नोंद तो निघतानाच करायचा, कारण जीएसटीचं बिल छापायला नोंद लागते. बिल छापून झालं की काम संपलं. म्हणजे वर्षभर ते सॉफ्टवेअर बिल छापण्याचं यंत्र म्हणून वापरलं गेलं. कोणती खोली भरलेली, कोणती उद्या येणाऱ्याची, कोणती धुवायची राहिली, यातलं काहीही त्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

मॅनेजरला मी हे विचारलं तेव्हा त्याने जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. "सर, त्यात आमच्या खोल्याच नाहीत." आणि ते खरं होतं. कंपनीच्या माणसाने फोनवरून तासाभरात सेटअप उरकला होता. खोल्यांची नावं टाकली डिलक्स, सुपर डिलक्स, एक्झिक्युटिव्ह. हॉटेलात कुणीही असं बोलत नाही. सगळे म्हणतात समुद्राची, मागची, चार बेडची, हॉल. फोनवर पाहुणा "मागची असली तरी चालेल" म्हणतो आणि पडद्यावर मॅनेजर "मागची" शोधत बसतो. दरांचे प्रकार ईपी, सीपी, एमएपी, एपी, म्हणजे कोणतं जेवण भाड्यात धरलं आहे त्याप्रमाणे मोठ्या हॉटेलांतली नावं. इथे विकलं जातं ते दोनच प्रकारे, नुसती खोली किंवा जेवणासह. एक्स्ट्रा गादीचा रकाना नाही. ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे "फ्रेश व्हायला" दिलेली खोली. रात्रभर प्रवास करून पहाटे पोचलेल्या माणसांना दर्शनाआधी आंघोळीपुरती खोली हवी असते. दोन तास, ठरलेले पैसे, मग ते देवळात जाणार आणि तिथून जयगडकडे किंवा रत्नागिरीला. पुळ्यातल्या हॉटेलांचं हे रोजचं उत्पन्न आहे. सॉफ्टवेअरला मात्र खोली म्हणजे किमान एक रात्र एवढंच सांगितलेलं. म्हणून ही सगळी विक्री बाहेर, अण्णांच्या टेबलाच्या खणात. त्या दोन तासांत खोली भरलेली असते, नंतर ती पुन्हा धुवावी लागते, चादरी बदलाव्या लागतात, आणि याची नोंद कुठेच नाही. करही त्यावर लागतो, तेही कुणाच्या लक्षात नव्हतं.

बऱ्याच ठिकाणी अशा वेळी सॉफ्टवेअर बदलायचं ठरतं. मी अण्णांना तसं करू दिलं नाही. हेच सॉफ्टवेअर, पण सेटअप आपल्या भाषेत. दोन दुपारी आम्ही तिघं बसलो, अण्णा, मॅनेजर आणि मी. खोल्यांची नावं देवनागरीत बदलली. दर दोनच ठेवले. गादी, ड्रायव्हरची खाट, प्रसादाच्या मोदकांची आगाऊ मागणी अशी छोटी शीर्षकं केली. दिवसापुरत्या खोलीसाठी "डे यूज" नावाची सोय त्यात पहिल्यापासून होती, फक्त बंद होती. ती सुरू केली आणि तिचं नाव ठेवलं "फ्रेश".

करांचा घोळ याच बैठकीत सापडला. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, आणि त्याबरोबर त्या खोल्यांपुरतं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं. सॉफ्टवेअरमध्ये दर बदललाच नव्हता. दिवाळीची सगळी बिलं 12 टक्क्यांनी गेली. जास्त घेतलेला कर स्वतःकडे ठेवता येत नाही. एकतर पाहुण्याला परत देऊन क्रेडिट नोट, म्हणजे बिल कमी केल्याची नोंद, करायची, नाहीतर सरकारजमा करायचा. अण्णांच्या सीएंनी ते निस्तरलं, पण त्या कामात आठवडा गेला. दुसरी चूक उलट्या बाजूची. हॉलचं भाडं गर्दीच्या दिवसांत 8,500 रुपये असतं. 7,500 च्या वर 18 टक्के लागतात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र सगळ्या खोल्यांना एकच दर चिकटवलेला. कर खोलीच्या नावाला न बांधता त्या दिवशी प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्याला बांधायचा असतो. तशी पायरी लावून घेतली. ज्यांच्याकडे असं सॉफ्टवेअर आहे त्यांनी हे एवढं तरी आजच उघडून पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दर बदलला की सॉफ्टवेअर आपोआप बदलेल हे गृहीत धरू नका.

आता पाच वह्यांचं काय करायचं? इथे मात्र वाद झाला, आणि तो योग्यच होता. रजिस्टर अण्णांच्या वडिलांच्या काळापासूनचं. "पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. तुमचा पडदा काळा झाला की मी पाहुण्याला काय सांगू?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय रजिस्टर बाजूला ठेवा म्हणणं कोकणात चालणार नाही. आम्ही तीन गोष्टी केल्या. काउंटरचा कॉम्प्युटर आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतले. इंटरनेट गेलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कसं जायचं हे काउंटरच्या तिन्ही मुलांना शिकवलं. आणि रोज सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता दोन पानं छापायची: आज येणारे, आणि या क्षणी प्रत्येक खोलीची स्थिती. लाइट गेली तर त्या पानावर पेनाने लिहायचं, आली की तेवढंच आत चढवायचं. रजिस्टर राहिलं, पण बुकिंगसाठी नव्हे. पाहुण्याची सही आणि ओळखपत्राचा तपशील त्यात, कारण पोलीस तपासणीला येतात तेव्हा तेच मागतात.

बुकिंगचा नियम एकच केला. फोन चालू असतानाच नोंद. अण्णांना व्हॉट्सॲपवर कुणी विचारलं तर ते "हो" म्हणणार नाहीत, "काउंटरवरून फोन येईल" म्हणतील. अण्णांना हे जड गेलं. ज्यांच्याशी तीस वर्षांची ओळख त्यांना असं कसं सांगायचं? शेवटी वहिनींनी तोडगा काढला. सॉफ्टवेअर अण्णांच्याच मोबाइलवर उघडून दिलं आणि म्हणाल्या, "हो म्हणा, पण आधी इथे खोली धरा आणि मग म्हणा." पुण्याच्या पुतण्यालाही स्वतःच्या नावाचं लॉगिन दिलं, त्याची वही बंद झाली.

लॉगिनवरून मॅनेजर दुखावला. तोवर सगळे एकाच "ॲडमिन" नावाने काम करत. सवलत कुणी दिली, बिल कुणी रद्द केलं, काही कळत नसे. मी प्रत्येकाला वेगळं लॉगिन केलं आणि ठराविक रकमेच्या वरची सवलत अण्णांच्या परवानगीशिवाय देता येणार नाही अशी मर्यादा घातली. "म्हणजे माझ्यावर संशय आहे का?" असं त्याने थेट विचारलं. मी त्याला ऑक्टोबरमधली रद्द झालेली तीन बिलं दाखवली. ती त्याने केली नव्हती, पण ॲडमिन म्हणजे मॅनेजर असं सगळे धरून चालत होते आणि त्यावरून मागे कुजबूजही झाली होती. वेगळ्या लॉगिनने पहिलं संरक्षण त्यालाच मिळणार होतं. दुसऱ्या दिवशी त्यानेच मुलांना बसवून पासवर्ड बदलायला लावले.

या सगळ्या बदलांमध्ये ज्याने खरा फरक पाडला तो काउंटरवर झालाच नाही. तो जिन्यात झाला.

खोल्यांची सफाई पाहणाऱ्या मावशी तिथे वीस वर्षांहून जास्त काळ आहेत. खोली तयार झाली की त्या जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडून सांगत, "दोनशे चार झाली!" काउंटरवर फोन चालू असला की ते ऐकू जात नसे. मग मुलगा वर धावणार, पाहुणे सोफ्यावर बसून वैतागणार. सॉफ्टवेअरमध्ये हाउसकीपिंगचा भाग होता, मोबाइलवर चालणारा. मॅनेजरने तो मावशींना द्यायचा विचारही केला नव्हता, कारण त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. खोलीची स्थिती तो स्वतः, आठवेल तेव्हा, बदलायचा. ज्याने खोली पाहिलेलीच नाही तो माणूस ती तयार आहे की नाही हे ठरवत होता!

मावशींना एक साधा मोबाइल दिला. पडद्यावर खोल्यांचे नंबर आणि रंग: लाल म्हणजे पाहुणे आत, पिवळा म्हणजे गेले पण धुवायची, निळा म्हणजे झाडून-पुसून झाली, हिरवा म्हणजे द्यायला तयार. निळा आणि हिरवा वेगळे का, हे मला त्यांना सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच मला सांगितलं की बाथरूम कोरडं झाल्याशिवाय आणि नळ, गीझर, पंखा बघितल्याशिवाय खोली "झाली" म्हणायची नसते. दोन दिवसांत त्या सराईत झाल्या. नियम असा केला की हिरवा रंग फक्त मावशी करतील. अण्णासुद्धा नाही. काउंटरला हिरवी दिसली तरच चावी द्यायची.

पहिल्याच शनिवारी मॅनेजर खाली तणतणत होता, "निळी आहे ना, द्या की!" मावशी वरून म्हणाल्या, "पाणी तुंबतंय, प्लंबर आल्याशिवाय देणार नाही." पूर्वी ती खोली दिली गेली असती आणि अर्ध्या तासाने पाहुणा तक्रार घेऊन खाली आला असता.

मावशींच्या रंगांमुळे पहिल्यांदाच वेळ दिसायला लागली. पिवळ्याची हिरवी व्हायला किती वेळ लागतो? साधारण अर्धा तास. चेक-आउट दहाला, चेक-इन बाराला, मध्ये दोन तास, सफाईला दोन बायका. प्रत्येकीच्या दोन तासांत चार खोल्या, दोघींच्या मिळून आठ. आणि रविवारी, सुट्टीच्या शेवटी, एकाच दिवशी अठरा खोल्या रिकाम्या होऊन पुन्हा भरायच्या असतात. म्हणजे बाराला खोली देण्याचं वचन त्या दिवशी दहा कुटुंबांना पाळता येणं शक्यच नव्हतं. वर्षानुवर्षं मावशींना "हात चालवा" असं ऐकावं लागलं होतं. चूक त्यांच्या हातांची नव्हती, गणिताची होती. अण्णा ते आकडे बघून बराच वेळ गप्प बसले आणि मग वर जाऊन मावशींशी बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

त्यानंतर गर्दीच्या दिवसांसाठी तिसरी मदतनीस बोलावायचं ठरलं, त्या दिवसांत चेक-इन एक वाजता केलं, आणि बुकिंग घेतानाच "किती वाजेपर्यंत पोचाल?" हा प्रश्न सक्तीचा केला. सकाळी आठच्या कागदावर येण्याची वेळ असते, मावशी त्या क्रमाने खोल्या घेतात. म्हातारी माणसं असतील तर खालची खोली आणि सगळ्यात आधी.

रात्रीच्या कामाबद्दल थोडं. हॉटेलात दिवसाचा हिशेब बंद करणं, म्हणजे नाइट ऑडिट, हे जुनं काम आहे. कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही होतं. या सॉफ्टवेअरमध्ये ते पहाटे तीनला आपोआप व्हायचं, कुणी बघत नसे. आपोआप बंद केलं आणि रात्रपाळीच्या मुलाकडे दिलं. बारा वाजून गेले की तो तीन गोष्टी जुळवतो: गल्ल्यातली रोकड, यूपीआय आणि कार्डाचे जमा पैसे, आणि सॉफ्टवेअर काय म्हणतं ते. मग लाल खोल्या मोजतो आणि चाव्यांच्या फळीवर नसलेल्या चाव्या मोजतो. दोन्ही आकडे सारखे हवेत. पहिले दोन आठवडे एकदाही जुळलं नाही. कधी ड्रायव्हरचं जेवण राहिलेलं, कधी ॲडव्हान्स अण्णांच्या खासगी नंबरवर आलेला आणि बुकिंगवर न चढवलेला. ॲडव्हान्ससाठी हॉटेलच्या खात्याचा वेगळा क्यूआर कोड केला, तेव्हा कुठे फरक मिटायला लागला.

कसोटीचा दिवस होता 6 जानेवारी 2026, मंगळवार, अंगारकी. संकष्टी मंगळवारी येणार हे पंचांगात आधीच छापलेलं असतं, पण ऑनलाइन साइटला ते कळत नाही. मागच्या अंगारकीच्या खोल्या तिथे महिनाभर आधी रोजच्या दराने गेल्या होत्या, वर साइटचं कमिशन. या वेळी पंचांग समोर ठेवून वर्षातल्या अंगारक्या, माघी गणेश जयंती, मे महिना, दिवाळी आणि नाताळ सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरवर आधीच रंगवले. त्या दिवसांपुरत्या साइटला फक्त चार खोल्या ठेवल्या आणि बाकी जुन्या पाहुण्यांसाठी राखल्या. चॅनल मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर आणि साइट यांच्यातला दुवा, जोडल्यामुळे काउंटरवर खोली धरली की साइटवरून ती आपोआप कमी होते.

सोमवारी रात्रीपासून गाड्या यायला लागल्या. मुक्कामाच्या खोल्या भरल्या. मंगळवारी पहाटे ज्या खोल्या लवकर रिकाम्या झाल्या त्या मावशींनी झटपट हिरव्या केल्या आणि "फ्रेश" म्हणून दिल्या गेल्या. एकेक खोली सकाळच्या आत दोनदा दिली गेली आणि प्रत्येक वेळेची नोंद, पावती, कर सगळं आत. दुपारी अण्णांनी फक्त "फ्रेश" चा रिपोर्ट मागितला. ती रक्कम बघून त्यांनी चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं खणात पडणारे पैसे त्यांनी एका आकड्यात कधी पाहिलेच नव्हते. त्याच रात्री चाव्या आणि लाल खोल्या पहिल्या मोजणीत जुळल्या.

हंगाम ओसरल्यावर खोल्यांच्या दराबद्दल बोलायला वेळ मिळाला. अण्णांचा कायमचा प्रश्न "भरलं का?" एवढाच. मी त्यांना दोन दिवस कागदावर मांडून दाखवले. 18 खोल्या 2,800 रुपयांनी दिल्या तर 50,400 येतात, 24 खोल्यांवर वाटले तर खोलीमागे 2,100. 22 खोल्या 2,200 ने दिल्या तर 48,400, खोलीमागे सुमारे 2,017. जास्त खोल्या भरल्या, जास्त चादरी धुतल्या, आणि हातात 2,000 कमी. खोलीमागे वाटणीचा हा आकडा, ज्याला धंद्यात रेव्हपार म्हणतात, आता रात्रीच्या कागदाच्या तळाशी छापला जातो. साइटवरच्या खोल्यांबाबत त्यात कमिशन वजा करूनच बघायचं, असंही ठरवलं. साइट पाहुण्यांचे पैसे हॉटेलला देताना जीएसटीचा टीसीएस आणि आयकराचा टीडीएस हे करही आधीच कापून घेते. ती कापलेली रक्कम खर्च नव्हे, नंतर जमेला धरता येते, पण हिशेबात लिहिलीच नाही तर ती गेलीच समजा.

सगळं जमलं असं नाही. खानावळीचं बिलिंग खोलीच्या खात्याला जोडायचा प्रयत्न फसला. स्वयंपाकघरात वाफ आणि घाई, टॅब्लेटवर बोट ठेवायला कुणाला वेळ नाही. कागदी केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, तीच राहिली, काउंटरचा मुलगा दर जेवणानंतर ती चढवतो. पाहुण्यांना आपोआप जाणारे अभिप्रायाचे मेसेज अण्णांनी बंद करायला लावले. ते स्वतः फोन करतात, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे. कंपनीकडून मदत मिळायला अजूनही दोन-दोन दिवस लागतात. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवायची शिस्त लावली. आपल्या पाहुण्यांची यादी आपल्या हातात असायला हवी.

मार्चमध्ये मी शेवटचा गेलो तेव्हा मावशींनी मला जिन्यात गाठलं. त्यांना पाचवा रंग हवा होता. समुद्राकडच्या काही खोल्यांच्या भिंतींना पावसात ओल येते, कुठल्या त्या त्यांना पाठ आहेत, दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी जूनमध्येच सगळ्यांना आठवण होते. सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीसाठी बाजूला काढलेल्या खोलीचा राखाडी रंग होता, आणि शेजारी कारण लिहायची जागा. मी दाखवलं. त्यांनी एकेक करत तीन खोल्या राखाडी केल्या आणि कारणाच्या जागी मराठीत बोलून "ओल, खिडकीखाली" असं टाकलं. शेवटची 207 होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या कागदावर त्या तिन्ही खोल्या छापून आल्या आणि अण्णांनी तो कागद खिशात घालून गवंड्याला फोन लावला.